‘अ‍ॅप्रोप्रिएट’ : योग्य, पण कशाला?

नाशिकमधल्या सातपूरच्या कुठल्याही टूलरूममध्ये जा आणि तिथल्या फिटरला सांगा, “या बुशमध्ये योग्य बसेल अशी एक पिन करून दे.” तो लगेच मशीन चालू करणार नाही. आधी विचारेल, “सरकती पाहिजे की ठोकून बसवायची?” हा प्रश्न त्याला इंग्रजीच्या मास्तरांनी शिकवलेला नसतो. त्र्यंबक रोडवरच्या आयटीआयमध्ये ‘लिमिट्स अँड फिट्स’चा धडा गिरवताना तो त्याच्या हाडीमाशी खिळलेला असतो. ‘अ‍ॅप्रोप्रिएट’ हा इंग्रजी शब्द समजून घ्यायला आणि नीट वापरायला यापेक्षा फार वेगळं काही लागत नाही.

मात्र हाच माणूस गेटवर ‘वेअर अ‍ॅप्रोप्रिएट पीपीई’, म्हणजे योग्य संरक्षक साधनं वापरा, अशी पाटी वाचतो तेव्हा काही विचारत नाही. रजेच्या अर्जाच्या शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहितो तेव्हाही विचारत नाही. कॉन्ट्रॅक्टच्या कागदावर ‘अ‍ॅज मे बी डीम्ड अ‍ॅप्रोप्रिएट’ असं छापलेलं असतं, त्याखाली निमूट सही करतो. मशीनवर मायक्रॉनचा हिशोब मागणारा माणूस कागदावर मात्र ‘योग्य’ या एका शब्दावर समाधान मानतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. तसाच तो सुपरवायझरसाठी, आयटीआयच्या मुलामुलींसाठी आणि घरच्यांचे अर्ज लिहून देणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

आधी मशीनवरची गोष्ट

ड्रॉइंगवर २५ एच७/जी६ असं लिहिलंय असं धरू. याचा अर्थ भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या दरम्यान हवं आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ च्या दरम्यान. शाफ्ट कायम भोकापेक्षा थोडा बारीक राहतो, तेल धरतो, हाताने सरकतो. आता तेच भोक ठेवा आणि जी६ ऐवजी पी६ लिहा. शाफ्ट २५.०२२ ते २५.०३५ होतो, म्हणजे भोकापेक्षा जाड. तो हाताने जाणारच नाही, प्रेसवर दाबून बसवावा लागेल आणि मग जागचा हलणार नाही. दोन्ही शाफ्टमधला फरक माणसाच्या केसाच्या जाडीएवढाही नाही. तरी डायच्या पिलरला पी६ केलं तर डाय उघडणार नाही, आणि जिथे बुश पक्का बसायला हवा तिथे जी६ केलं तर तो पहिल्याच शिफ्टला फिरायला लागेल.

दोन्ही फिट चांगलेच आहेत. ‘चांगला फिट’ असं नुसतं म्हटलं तर त्यातून काहीच कळत नाही. काम कोणतं, हे कळलं की फिट ठरतो. इसवी सनाच्या कुठल्याशा शतकात कोणा लॅटिन पंडिताने दिलेल्या व्याख्येपेक्षा भारतीय मानक आयएस ९१९ मधली ही कोष्टकं ‘अ‍ॅप्रोप्रिएट’चा अर्थ जास्त स्वच्छ सांगतात, असं माझं मत आहे.

‘अ‍ॅप्रोप्रिएट’ म्हणजे एखाद्या विशिष्ट कामाला, प्रसंगाला, माणसाला किंवा जागेला साजेसं. मराठीत त्याला योग्य, उचित, समुचित, अनुरूप, प्रसंगोचित असे शब्द आहेत. यातला ‘योग्य’ सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात कमी सांगतो. कारण ‘योग्य’ हे ‘बरोबर’च्या अर्थानेही चालतं. गणिताचं उत्तर बरोबर किंवा चूक असतं, त्याला ‘अ‍ॅप्रोप्रिएट’ म्हणत नाहीत. लग्नाला पैठणी नेसणं आणि कारखान्यात ओव्हरऑल घालणं, दोन्ही अ‍ॅप्रोप्रिएट. अदलाबदल केली की दोन्ही चुकतात.

उच्चार, स्पेलिंग आणि एक धोक्याचं वळण

स्पेलिंगमध्ये गोंधळ होतो तो ‘पी’चा. सुरुवातीच्या ‘ए’नंतर ‘पी’ दोनदा, पुढे मधे येतो तो एकदाच. उच्चारात जोर ‘प्रो’वर द्यायचा आणि शेवट ‘-प्रिअट’ असा आखूड करायचा. आपल्याकडे सर्रास ‘-प्रिएट’ म्हणतात. बोलताना कोणी अडवत नाही, पण शेवट लांबवला की व्याकरणाने तो वेगळाच शब्द होतो. लांब शेवटाचा ‘अ‍ॅप्रोप्रिएट’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ ‘स्वतःकडे घेणे’, बहुधा न विचारता. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘स्वतःचं’ या अर्थाचा शब्द आहे. सातपूरमधल्या निम्म्या वर्कशॉपच्या पाट्यांवर खाली ‘प्रोप्रा.’ लिहून मालकाचं नाव असतं, तो प्रोप्रायटर, आणि ‘प्रॉपर्टी’, ‘प्रॉपर’ हे सगळे त्याच घराण्यातले.

या क्रियापदाचा एक सभ्य अर्थ आहे: विशिष्ट कामासाठी पैसे बाजूला काढून ठेवणे. विधानसभेत अर्थसंकल्पानंतर येतं ते विनियोजन विधेयक, त्याचं इंग्रजी नाव याच शब्दावरून आलंय. दुसरा अर्थ सभ्य नाही. ‘मिसअ‍ॅप्रोप्रिएशन’ म्हणजे अपहार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये मालमत्तेच्या अप्रामाणिक अपहाराचा गुन्हा आहे.

हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. कारणे दाखवा नोटिशीत ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट यूज ऑफ कंपनी मटेरियल’ लिहिलं असेल तर साहित्य अयोग्य रीतीने वापरलं, असा आरोप आहे. ‘मिसअ‍ॅप्रोप्रिएशन ऑफ कंपनी मटेरियल’ लिहिलं असेल तर ते लाटलं, असा आरोप आहे. दिसायला शब्द सख्खे भाऊ, पण पहिल्याला खुलासा पुरेल आणि दुसऱ्याला उत्तर देण्याआधी युनियनच्या प्रतिनिधीला किंवा वकिलाला कागद दाखवावा लागेल. कंपनीत कोणी घाईने ‘हो साहेब, चुकलं’ असं लिहून देऊ नये. आधी नोटिशीतला तो एक शब्द नीट वाचावा.

उलट अर्थ करताना लागणारे उपसर्ग पाठच करावे लागतात. अ‍ॅप्रोप्रिएटचं ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट’, प्रॉपरचं ‘इम्प्रॉपर’, आणि सुटेबल व फिट यांचं ‘अन’ लावून ‘अनसुटेबल’, ‘अनफिट’. ‘अनअ‍ॅप्रोप्रिएट’ असा शब्द इंग्रजीत वापरात नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर कितीही फिरला तरी.

‘प्रॉपर’, ‘सुटेबल’, ‘फिट’ : शेजारी, पण एक नव्हेत

इंग्रजीतला ‘प्रॉपर’ आपण मराठीत आणून त्याचं भलतंच काही केलंय. “तुम्ही प्रॉपर कुठले?” हा प्रश्न सातपूरमध्ये रोज कानावर येतो. कोणी निफाडचा, कोणी चाळीसगावचा, कोणी बिहारहून आलेला. या प्रश्नात प्रॉपर म्हणजे मूळचे. इंग्रजी येणाऱ्या परप्रांतीय साहेबाला हे कळणार नाही. त्याला ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ एवढंच विचारा. इंग्रजीत ‘नाशिक प्रॉपर’ म्हटलं तर अर्थ होतो खास नाशिक शहर, आसपासचे भाग सोडून. तिथे प्रॉपर शब्द गावाच्या नावामागून येतो.

‘प्रॉपर’मध्ये नियमाचा वास असतो. ‘प्रॉपर चॅनल’ हा सरकारी नोकरीतला शब्दप्रयोग त्याचं चांगलं उदाहरण. दुसऱ्या खात्यात अर्ज करताना आपल्या कार्यालयप्रमुखामार्फत करायचा, थेट नाही. तिथे ‘अ‍ॅप्रोप्रिएट चॅनल’ म्हणून चालत नाही, कारण ती वाट कोणाच्या विवेकावर सोडलेली नसून आधीच आखलेली आहे.

‘सुटेबल’ जास्त घरगुती आहे. सोयीचं, जमणारं, उपयोगी पडणारं. शिफ्टच्या वेळा, भाड्याची खोली, मुलीसाठी स्थळ या सगळ्याला सुटेबल चालतं. वधू-वर मेळाव्याच्या पत्रिकेत मराठीत ‘अनुरूप’ आणि इंग्रजीत ‘सुटेबल’ छापतात, आणि तो जोड चांगला जुळलाय.

‘फिट’ मात्र अंगाचा शब्द आहे. मापाला आणि तब्येतीला तो शोभतो. मराठीत त्याची आणखी एक गंमत होते. एखादा ‘फिट आहे’ म्हटलं की तो ठणठणीत, आणि ‘फिट आली’ म्हटलं की त्याला दवाखान्यात न्यायचं. इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग एकच आहे, त्यामुळे मेडिकलच्या फॉर्मवर ‘एनी हिस्टरी ऑफ फिट्स?’ या प्रश्नासमोर मी फिट आहे, या भावनेने ‘येस’वर खूण करणारे उमेदवार असतात. तो प्रश्न अपस्माराचा, म्हणजे आकडीचा आहे. आकडी येत नसेल तर ‘नो’.

मेडिकलच्या कागदाबद्दल अजून एक. आजारपणाच्या किंवा अपघाताच्या रजेनंतर कामगार विमा रुग्णालयाचं नाहीतर डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणून द्यावं लागतं. त्यावर नुसतं ‘फिट’ असेल तर सुपरवायझर तुम्हाला पहिल्या दिवशी त्याच पॉवर प्रेसवर उभं करील, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. खांदा अजून वर उचलत नसेल, वजन धरवत नसेल, तर डॉक्टरांना तसं सांगा आणि कोणत्या कामाला फिट, किती दिवस हलकं काम, हे त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घ्या. ‘लाइट ड्यूटी’ हे शब्द कागदावर नसतील तर तोंडी सांगून फारसा उपयोग होत नाही. कंपनी हलकं काम देईलच असंही नाही, पण कागद असेल तर निदान बोलणी होतात.

‘अ‍ॅप्रोप्रिएट पीपीई’ वाचल्यावर काय विचारायचं

या शब्दाची खरी किंमत इथे कळते, म्हणून जरा थांबून बोलू.

हातमोजे घ्या. पत्र्याच्या कडा साफ करताना, बर काढताना हातमोजे नसले तर तळवे कापले जातात. तेच मोजे घालून ड्रिल मशीनवर उभे राहिलात तर मोजाचा धागा फिरत्या ड्रिलमध्ये अडकतो आणि मोजासकट हात ओढला जातो. तिथे मोजे न घालणं हेच अ‍ॅप्रोप्रिएट आहे. लेथ, ड्रिल, मिलिंग अशा फिरत्या मशीनवर मोजे, मफलर, गळ्यातली साखळी, सैल बाही, मोकळे केस हे सगळं बाद. १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम २२ मध्ये चालत्या यंत्राची तपासणी, वंगण वगैरे करणाऱ्या माणसाने अंगाला घट्ट बसणारे कपडे घातले पाहिजेत, आणि ते मालकाने पुरवायचे, असं स्पष्ट लिहिलं होतं. कायद्यालाही इथे नुसतं ‘योग्य कपडे’ म्हणून भागलं नाही, ‘घट्ट बसणारे’ असं म्हणावं लागलं.

मास्कचंही तसंच. धूळ अडवणारा मास्क पेंट बूथमधल्या थिनरच्या वाफा अडवत नाही. बारीक कण गाळणं आणि वायू शोषणं ही दोन वेगळी कामं आहेत. वाफांसाठी सेंद्रिय वायू शोषणारं काडतूस असलेला रेस्पिरेटर लागतो आणि त्याचं काडतूस ठरावीक काळाने बदलावं लागतं. थिनरचा वास मास्कमधून येतोय, म्हणजे तो मास्क त्या कामाला योग्य नाही. सुती मोजे अ‍ॅसिडच्या टाकीपाशी काही कामाचे नाहीत, तेलात भिजले तर उलट जास्त वेळ त्वचेला तेल चिकटवून ठेवतात. साधा गॉगल उडणारा चुरा अडवतो, पण वेल्डिंगच्या प्रकाशाला शेडची काच लागते, आणि गॅस वेल्डिंगची शेड आर्क वेल्डिंगला पुरत नाही.

तेव्हा पाटीवर ‘अ‍ॅप्रोप्रिएट पीपीई’ दिसली की सुपरवायझरला तीन गोष्टी विचारायच्या: या मशीनवर कोणता धोका आहे, त्याला कोणतं साधन नेमलंय आणि त्यावर कोणता मानक क्रमांक हवा. हेल्मेटवर आयएस २९२५, सेफ्टी शूजवर आयएस १५२९८, धूळरोधक हाफ मास्कवर आयएस ९४७३ असा आकडा आयएसआय चिन्हासोबत असतो. बूट नवा असून आकडा नसेल तर विचारा.

असं विचारणं उद्धटपणा वाटतो म्हणून लोक गप्प बसतात. पण कारखाना अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १११ अ कामगाराला कामावरच्या आरोग्य आणि सुरक्षिततेविषयी मालकाकडून माहिती मिळवण्याचा हक्क देत होतं. हा कायदा संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावून घेतला आहे, पण सुरक्षित कामाचा विचार तिथेही कायम आहे.

याच १९४८ च्या अधिनियमात ‘सुटेबल’ शब्द इतक्या ठिकाणी आलाय की वाचताना हसू येतं. कलम १७ मध्ये ‘पुरेसा आणि सुयोग्य’ प्रकाश. कलम ४२ मध्ये धुण्यासाठी ‘सुयोग्य’ सोय. कलम ४४ मध्ये उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची ‘सुयोग्य’ व्यवस्था. कायदा मोघम ठेवावा लागतो, कारण तो साखर कारखान्यालाही लागू आणि घड्याळाच्या कारखान्यालाही. पण मोघमपणा कायद्यापुरता ठीक. तो खाली मशीनपर्यंत उतरता कामा नये. कायद्यातल्या ‘सुयोग्य’चं कंपनीच्या कार्यपद्धतीत नेमकं वर्णन झालं पाहिजे, आणि ते कोणीतरी मागितल्याशिवाय होत नाही.

पाटी लिहायचं काम तुमच्याकडे असेल तर ‘अ‍ॅप्रोप्रिएट’ सरळ काढून टाका. ‘ड्रिलवर हातमोजे घालू नका. गॉगल घाला.’ अशी मराठीत, आणि जमलं तर हिंदीत, पाटी लावा. परप्रांतातून आलेल्या पोराला इंग्रजी विशेषणाने वाचवता येत नाही.

कोणाकडे जायचं, तेही याच शब्दात

कामगार कायद्यांत ‘अ‍ॅप्रोप्रिएट गव्हर्नमेंट’ असा एक शब्दप्रयोग वारंवार येतो. मराठीत त्याला ‘समुचित शासन’ म्हणतात. मराठी शब्द ऐकून वाटतं की चांगलं, न्यायी शासन. अर्थ तेवढा उदात्त नाही. तुमच्या प्रकरणात राज्य सरकारकडे जायचं की केंद्राकडे, एवढंच तो सांगतो.

नाशिकमध्ये हा भेद रोजच्या कामाचा आहे. सातपूर किंवा अंबडच्या खासगी कंपनीतला औद्योगिक वाद असेल तर समुचित शासन म्हणजे महाराष्ट्र शासन, म्हणून जायचं राज्याच्या कामगार विभागाकडे. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधला वाद असेल तर समुचित शासन केंद्राचं, कारण तो छापखाना केंद्राच्या मालकीच्या कंपनीकडे आहे. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्याचंही तेच. दोन भाऊ एकाच घरात राहतात, एक सातपूरला जातो आणि एक ओझरला, तर दोघांच्या तक्रारीची दारं वेगळी. भविष्य निर्वाह निधीची तक्रार मात्र दोघांचीही ईपीएफओकडेच, मालक खासगी असो वा सरकारी. मशीनच्या सुरक्षिततेची तक्रार राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे. पगार, सुरक्षितता आणि पीएफ या तिन्ही तक्रारी एकाच अर्जात कोंबून एकाच साहेबाला दिल्या तर दोन तरी नक्की परत येतात.

सोनोग्राफी केंद्राच्या पाटीवर ‘समुचित प्राधिकारी’ दिसतो तो याच जातीचा, म्हणजे त्या कायद्याने त्या भागापुरता नेमलेला अधिकारी. ‘सक्षम प्राधिकारी’ हा त्याहून वेगळा, मूळ इंग्रजीतही शब्द वेगळाच आहे. निर्णय घ्यायचा अधिकार ज्याला आहे तो सक्षम. अर्जात दोन्ही ‘योग्य अधिकारी’ म्हणून एकत्र लिहिले जातात ते टाळावं. शंका असेल तर अधिकाऱ्याचं पदनाम लिहा, विशेषण लिहू नका. मराठी पर्याय अडला तर भाषा संचालनालयाचे पदनाम कोश आणि शासन व्यवहार कोश याच कामासाठी तयार केलेले आहेत.

चुकीच्या दारात माहिती अधिकाराचा अर्ज पडला तर तो वाया जात नाही, हे ठाऊक असू द्या. २००५ च्या माहितीच्या अधिकार अधिनियमातल्या कलम ६(३) प्रमाणे ती माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज मिळालेल्या कार्यालयानेच तो पाच दिवसांत तिकडे पाठवायचा असतो आणि अर्जदाराला कळवायचं असतं. ही सवलत बाकीच्या अर्जांना नाही.

‘इनअ‍ॅप्रोप्रिएट’ लिहू नका, घडलेलं लिहा

‘इनअ‍ॅप्रोप्रिएट बिहेविअर’ हा शब्दप्रयोग अलीकडे सगळ्या एचआर विभागांच्या तोंडी असतो. ऐकायला सौम्य, सभ्य, आणि म्हणूनच गैरसोयीचा. त्यात कामावर मोठ्याने गाणी लावणंही येतं आणि स्त्री कामगाराच्या अंगाला हात लावणंही. २०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा व्याख्या करताना ‘अयोग्य’ म्हणत नाही, तर ‘नकोसं’ म्हणतो. फरक मोठा आहे. योग्य-अयोग्य ठरवायला बाहेरचा माणूस लागतो. नकोसं कोणाला वाटलं, हे सांगणारी ती बाई स्वतः असते.

म्हणून तक्रार लिहिताना ‘त्यांचं वागणं अ‍ॅप्रोप्रिएट नव्हतं’ असं लिहू नका. कोणी, कोणत्या तारखेला, कुठे, काय केलं किंवा काय म्हटलं, तेव्हा तिथे कोण होतं, हे साध्या मराठीत लिहा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची आहे. सातपूरच्या शेडमध्ये सहा-सात माणसांवर चालणारी कितीतरी वर्कशॉप आहेत, तिथल्या बायकांना वाटतं की हा कायदा मोठ्या कंपन्यांचा. तसं नाही. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती ती तक्रार घेते.

अर्जात, मुलाखतीत आणि फोनवर

मुलाखतीत ‘आय अ‍ॅम सुटेबल फॉर धिस पोस्ट’ हे वाक्य पाठ करून येणारे खूप. समोरचा ऐकतो आणि विसरतो, कारण आधीच्या उमेदवारानेही तेच म्हटलेलं असतं. त्यापेक्षा काय येतं ते सांगा. कोणत्या मशीनवर काम केलंय, ड्रॉइंग वाचता येतं का, मायक्रोमीटर हाताळलाय का, रात्रपाळी चालेल का. सुटेबल आहे की नाही ते त्यांना ठरवू द्या, ते त्यांचं काम आहे.

व्याकरणाचा एक छोटा नियम उपयोगी पडतो. ‘अ‍ॅप्रोप्रिएट’नंतर ‘फॉर’ किंवा ‘टू’ येतं, ‘सुटेबल’नंतर ‘फॉर’. ‘धिस ग्लव्ह इज नॉट सुटेबल फॉर ड्रिलिंग’ हे पूर्ण वाक्य. ‘धिस ग्लव्ह इज नॉट सुटेबल’ एवढंच लिहून थांबलात तर वाचणारा विचारणार, कशाला? ‘फॉर’ लिहायची सवय लावून घेतली की कशाला ते आपोआप लिहावं लागतं. ईमेल पाठवायच्या आधी ‘अ‍ॅप्रोप्रिएट’ आणि ‘सुटेबल’ या दोन शब्दांच्या पुढे काय आलंय ते फक्त तपासा.

बोलण्यात ‘अ‍ॅप्रोप्रिएट’ फार जड होतो. फोनवर ‘इज धिस अ‍ॅन अ‍ॅप्रोप्रिएट टाइम?’ कोणी विचारत नाही, ‘इज धिस अ गुड टाइम टू टॉक?’ विचारतात. कार्यालयात चौकशी करताना ‘राइट काउंटर’, ‘राइट फॉर्म’ म्हणावं. इंग्रजी बोलणारा माणूस दिवसभरात दहा वेळा ‘राइट’ म्हणेल तेव्हा एकदा ‘अ‍ॅप्रोप्रिएट’. जड शब्द वापरला की इंग्रजी चांगलं वाटतं, हा समज आपण शाळेतून घेऊन आलोय. सोडायला हरकत नाही.

आता अर्ज. ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती’ या ओळीने महाराष्ट्रातले किती अर्ज संपत असतील कोण जाणे. ही ओळ वाचणाऱ्याला काहीही करायला मोकळीक देते. अर्ज फाइलला लावणं हीसुद्धा एक कार्यवाहीच आहे, आणि कित्येकांच्या मते तीच योग्य. कंपनीचा एचआर इंग्रजीत ‘अ‍ॅप्रोप्रिएट अ‍ॅक्शन विल बी टेकन’ असं उत्तर देतो तेव्हा त्याने तुमच्याच ओळीचं भाषांतर करून तुम्हाला परत केलेलं असतं.

त्या जागी काय हवं ते लिहा. ‘गल्लीतला दिवा बंद आहे, योग्य कार्यवाही करावी’ ऐवजी ‘अमुक खांबावरचा दिवा तमुक तारखेपासून बंद आहे, आठ दिवसांत बदलावा’. ‘माझ्या पीएफबाबत योग्य निर्णय व्हावा’ ऐवजी ‘मार्च ते जून या चार महिन्यांची वर्गणी पासबुकात दिसत नाही, ती भरल्याची चलनं मला दाखवावीत’. विनंती नम्र ठेवा, पण तिच्यात वस्तू, तारीख आणि खातं ही तिन्ही असू द्या. उत्तरात ‘अ‍ॅप्रोप्रिएट अ‍ॅक्शन’ आलंच, तर दुसरं पत्र एका ओळीचं पाठवा: कोणती कार्यवाही, कोणी आणि कधी केली, ते कळवावं.

आणि अर्ज देताना दोन प्रती न्या. एक तिथे द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. पुढचा सगळा हिशोब त्या तारखेपासून धरला जातो.